सिंक झालं, मग?

आरोग्यासाठी मोबाईल ॲप बनवणाऱ्यांना आणि बनवून घेणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

पत्र कुणाच्या नावानं लिहायचं, इथूनच अडलं. आमच्या फोनमध्ये नवीन ॲप येतं तेव्हा ते कुणी बनवलं हे कुठंच लिहिलेलं नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते, खाली ‘अत्यंत तातडीचे’ असतं, आणि संध्याकाळी पाचपर्यंत किती जणींनी डाऊनलोड केलं याचा आकडा मागितला जातो. हेल्पलाईनचा नंबर असतो. तो लागला तर पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणतो, “मॅडम, एकदा अनइन्स्टॉल करून परत टाका.” तो काही तुम्ही नव्हे. तुम्ही त्याच्याही मागं कुठंतरी बसलेले आहात. तुम्हाला गाठायचा दुसरा रस्ता माहीत नाही म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे.

मी गट प्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी. सातपुड्याच्या डोंगरात, एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली. माझ्याकडे तेवीस आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, आहेत. सगळ्यांत लांबचा पाडा, गाडीरस्ता संपला की पुढं दीड तास पायी. नाव लिहीत नाही. मानधनावरच्या माणसानं पत्राखाली नाव घालायचं नसतं, एवढं तेरा वर्षांत शिकले.

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते, मग पुढचं बोलते.

दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची असते. सगळ्या भेटी झाल्या की अडीचशे रुपये. आमची एक आशा अशीच सातव्या दिवशी एका पाड्यावर गेली. बाळ जन्मताना १९५० ग्रॅम होतं. तिनं झोळीचा काटा दाराच्या आढ्याला अडकवला, बाळ ठेवलं, १७६०. तळपाय हाताला गार लागले. आजी म्हणाली, कालपासून दूध ओढत नाही, नुसतं झोपतंय. आशाला पुढचं कळायला कुठल्याही ॲपची गरज नव्हती. पहिल्या प्रशिक्षणातच तिला शिकवलं होतं की १८०० च्या खाली आलेलं बाळ घरी ठेवायचं नाही. पण नियम नियमच. तिनं फोन काढला, ॲप उघडलं आणि सगळे प्रश्न भरत बसली. पाण्याचा स्रोत कोणता, घरात शौचालय आहे का, इथपासून. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर लाल त्रिकोण आला. ‘धोक्याची लक्षणे. तात्काळ संदर्भित करा.’ म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवा.

पाड्यावर रेंज नाही. तिनं बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधलं, वर घोंगडी घातली, आजीला चुलीपाशी जागा करायला सांगितली आणि पावसात टेकडी चढून वर गेली. तिथं एक सागाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी दोन कांड्या येतात. कधी कधी तिथं मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा मेसेजही येतो, पण ते असो. तिनं सिंक केलं, म्हणजे ॲपमध्ये भरलेलं वर पाठवलं. हिरवी खूण आली.

मग ती थांबली. का थांबली, ते ऐका. तुमच्या प्रशिक्षणात मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं की लाल त्रिकोण आला की ‘वर’ लगेच दिसतो. तिनं त्याचा अर्थ सरळ घेतला. वर दिसतो म्हणजे वरून कुणीतरी फोन करणार. बिचारी पाऊण तास झाडाखाली फोन धरून उभी होती.

शेवटी तिनं ग्रुपवर आवाज टाकला. “मॅडम, बाळ सतराशे साठ आहे, ओढत नाही, गार आहे, काय करू?” बावीस सेकंदांचा. मी दुसऱ्या गावात लसीकरणाला होते, तो ऐकला, सिस्टरला लावला, सिस्टरनं डॉक्टरांना. चार वाजता गाडी रस्ता संपतो तिथं येऊन उभी राहिली. गावातल्या दोघांनी आईला धरून उतरवलं. रात्री बाळ जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात कक्षात होतं. सतरा दिवस राहिलं आणि घरी आलं.

नंतर मी विचारत सुटले की तो लाल त्रिकोण गेला कुठं. तीन ठिकाणी विचारल्यावर उत्तर मिळालं, “डॅशबोर्डला दिसतो ना.” डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र दाखवणारा वरचा पडदा, कोण बघतं? “आढावा मिटिंगला उघडतात.” मिटिंग महिन्यातून एकदा.

बाळ फोननं वाचलं, यात मला शंका नाही. ज्या फोननं वाचलं त्यात तुमचं ॲपही होतं आणि एक साधा ग्रुपही होता. एकात माणूस होता, एकात नव्हता. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र त्याच्याच आजूबाजूला फिरणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही फोनला नाकं मुरडणाऱ्या आहोत असं वरच्या बैठकांत बोललं जातं, म्हणून हे आधी सांगते. फोन आल्यापासून आमचं काम बदललं. लाईट गेलेल्या उपकेंद्रात मोबाईलच्या टॉर्चवर बाळंतपणं झालीत, एकीनं उजेड धरायचा, सिस्टरनं बाळ घ्यायचं. बाळाचा श्वास मोजायला घड्याळ मिळालं होतं, त्याचा सेल संपून जमाना झाला. आता फोनच्या स्टॉपवॉचवर पूर्ण एक मिनिट मोजतात आणि साठाच्या वर गेला की पळतात. अंगावरच्या चट्ट्यांचा फोटो डॉक्टरांना जातो आणि पाच मिनिटांत ‘आणा’ किंवा ‘काळजी नको’ असं येतं. २०१४ पासून राज्यात १०८ सुरू झाली, तेव्हापासून तो नंबर न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. का पाठ झाला? लावला की पलीकडं कुणीतरी बोलतं, म्हणून. गाडी कधी उशिरा येते, कधी रस्ताच नसतो, पण माणूस उचलतो.

आता तुमच्या ॲपांबद्दल. माझ्या फोनमध्ये कामाची आज आठ आहेत. गरोदर मातांचं एक, बाळांचं एक, टीबीचं, बीपी-शुगरचं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, आरोग्य कार्डांचं, लसीकरणाचं, आणि एक हजेरीचं, ज्यात दुर्गम पाड्यावरून आम्ही खरंच तिथंच आहोत हे उपग्रहाला पटवून द्यावं लागतं. हजेरीचं सोडलं तर बाकीच्या ॲपांत एकाच बाईचं नाव, वय, पतीचं नाव, गाव, आधार, मोबाईल नंबर परत परत टाकायचा. ती गरोदर आहे, तिला सिकलसेलची तपासणी लागते, तिच्या सासूला बीपी आहे, सासऱ्याचा थुंकीचा नमुना गेलाय. आमच्यासाठी ते एक घर आहे. तुमच्यासाठी ती चार वेगवेगळ्या खात्यांची चार माणसं आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

आणि हे सगळं झाल्यावर कागदाची रजिस्टरं आहेतच. ॲप आलं तेव्हा सांगितलं होतं, आता वह्या बंद. मग तपासणीला साहेब आले, म्हणाले, “वही कुठंय?” तेव्हापासून दोन्ही. दिवसभर फिरायचं, आणि रात्री भाकरी टाकून झाल्या की वहीवरून ॲपमध्ये, नाहीतर ॲपवरून वहीत. माझ्या एका आशाचा मुलगा नववीत आहे, तिच्या सगळ्या नोंदी तोच करतो. अतिशय हुशार पोरगा. तालुक्याच्या आकडेवारीचा बराच भाग त्यानं अंथरुणात पडून भरलेला आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

माहितीच्या खरेपणाबद्दल तुम्ही फार बोलता, म्हणून एक गंमत सांगते. तुमच्या गरोदर मातांच्या ॲपमध्ये बीपीची चौकट भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चांगला विचार आहे. पण बीपीचं मशीन बिघडलेलं असेल तर ‘मशीन बंद आहे’ असं लिहायला जागा नाही. मग काय भरतात? १२०/८०. एका उपकेंद्राच्या मशीनची पट्टी फाटली होती आणि दोन महिने तिथल्या प्रत्येक गरोदर बाईचं बीपी १२०/८० होतं. देवानं साच्यातून काढल्यासारखं. त्या उपकेंद्राचं काम शंभर टक्के पूर्ण म्हणून हिरव्या रंगात आलं. एवढ्या बायकांचं बीपी इतकं एकसारखं कसं, हे एकाही माणसाला किंवा संगणकाला खटकलं नाही. एक चौकट ‘मोजता आलं नाही’ अशी ठेवली असती, तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं की तिथं पट्टी पाठवायला हवी. बीपी चढलेली बाई हिरव्या रंगात दिसणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वयाचंही तेच. अठराच्या आतली मुलगी गरोदर राहिली की ॲपमध्ये ती एकोणीस वर्षांची होते. का होते, हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. सगळ्यांत जास्त जपायला हवी ती पोर तुमच्या यादीत जोखमीची म्हणून येतच नाही.

आणि ओटीपी. आम्हीच गावात सांगत फिरतो, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, बँकेतले पैसे जातात. आणि आठ दिवसांनी आम्हीच दारात उभ्या, “काकू, नंबर आलाय का बघा, सांगा मला.” एका काकूंनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाल्या, “तूच सांगितलं ना सांगू नको म्हणून?” मी हसले, पण उत्तर नव्हतं माझ्याकडं. शिवाय ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन घरात असतोच कुठं? आमच्याकडचे पुरुष दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जातात. घरातला एकमेव फोन त्यांच्या खिशात जातो. बाई सहाव्या महिन्याची पाड्यावर, तिच्या नावचा नंबर बारडोलीच्या फडात.

यावरून ‘किलकारी’ आठवलं. कल्पना मला मनापासून आवडते. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून दर आठवड्याला फोन येतो आणि आवाजात सांगितलं जातं, चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत, एकूण ७२ संदेश. बिहारमध्ये सुरू झालं, २०१६ पासून केंद्र सरकारनं देशात पसरवलं, महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलं. पण फोन कुणाच्या कानाला आहे, हा प्रश्न राहतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरायला मोबाईल आहे. ग्रामीण भागात ४७ टक्के. आमच्या डोंगरात किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. फडात कोयता चालवणाऱ्या नवऱ्याच्या फोनवर किलकारीतली बाई बोलते, लोहाच्या गोळ्या घ्या. एकानं मला विचारलं होतं, “ताई, त्या गोळ्या मी खायच्या का?” चेष्टा नव्हती. मी म्हटलं, त्या वेळी घरी बोलणं होतं का तुझं? म्हणाला, शेजाऱ्याच्या फोनवर रविवारी. म्हटलं, मग रविवारी तिला सांग. त्यानं सांगितलंही. फोन नवऱ्याकडं आहे हे धरूनच संदेश बनवला असता तर? ‘घरी फोन कराल तेव्हा विचारा, बाळ फिरतं का, डोकं दुखतं का, पायावर सूज आहे का.’ आणि हो, पावरी या आमच्या बोलीत बोललात तर आमच्या पाड्यावर सगळं घर कान देऊन ऐकेल. मराठी इथं शाळेची भाषा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं होतं, परदेशातलं म्हणजे काहीतरी चकचकीत असेल. निघालं उलटंच. नंतर मी मोबाईलवरच शोधून वाचलं आणि वहीत उतरवून ठेवलं, कारण यातलं प्रत्येक काम साध्या बटणांच्या फोनवर झालेलं आहे.

केनियात एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झालेल्या लोकांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदा मेसेज जायचा. एकच शब्द, ‘मांबो?’ म्हणजे स्वाहिलीत, काय कसं काय? गोळी घेतली का, असं विचारायचं नाही. फोन दुसऱ्या कुणी बघितला तरी रोग कळू नये म्हणून. पेशंटनं दोन दिवसांत उत्तर द्यायचं, ‘सावा’, म्हणजे ठीक, नाहीतर ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे. शिदा आलं किंवा काहीच आलं नाही, की नर्स फोन करायची. एवढंच. ५३८ लोकांवर हे करून पाहिलं आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. मेसेज जाणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक गोळ्या नीट घेत होते, न जाणाऱ्यांपैकी ५० टक्के. डॉक्टर म्हणाले, मेसेज छान आहे, पण खरं काम त्या नर्सचं आहे. मला ते इतकं पटलं की मी तिथंच मान हलवली आणि शेजारची माझ्याकडं बघायला लागली.

टांझानियात २००९ मध्ये तीन जिल्ह्यांत, १२९ दवाखान्यांत, दर आठवड्याला फोनवर विचारणा जायची की मलेरियाची कुठली गोळी किती शिल्लक आहे. कर्मचाऱ्यानं आकडे टाकून परत पाठवायचे. उत्तर दिलं की त्याच्या फोनमध्ये थोडा बॅलन्स जमा व्हायचा. कुठं संपलंय, कुठं जास्त आहे, हे जिल्ह्याच्या माणसाला लगेच दिसायचं आणि तो इकडचं तिकडं करायचा. सुरुवातीला १०० पैकी ७८ दवाखान्यांत मलेरियाचं कुठलं ना कुठलं औषध संपलेलं होतं. एकवीस आठवड्यांत ते २६ वर आलं. आमच्याकडं ओआरएसची पाकिटं एका उपकेंद्रात खोकी भरून मुदतबाह्य होतात आणि पुढच्या पाड्यावर मीठ-साखर कालवत बसतात. आठ ॲपांपैकी एकही मला विचारत नाही, तुझ्याकडं काय संपलंय? सगळी विचारतात, तू काय केलंस?

आणि युगांडा. तिथं मोबाईल-आरोग्याचे इतके प्रयोग एकाच वेळी सुरू झाले, प्रत्येक संस्थेचा वेगळा, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, की २०१२ च्या जानेवारीत त्यांच्या आरोग्य मंत्रालयानं फर्मान काढलं, आता नवीन प्रयोग थांबवा, आधी आमच्याशी बोला, आमच्या चौकटीत बसवा. हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि रडूही. असं एक परिपत्रक आमच्याकडं निघालं तर मी माझ्या खिशातून तेवीस जणींना पेढे वाटेन.

तेवढं लांब जायलाही नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत करून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आले. ३९ गावं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आम्ही आज करतो त्या घरभेटी तिथूनच आल्या. त्या वेळी मोबाईल नव्हता. काटा होता, थर्मामीटर होतं, कागदावरचा तक्ता होता. आणि दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात येऊन त्या बाईसोबत तिचा तक्ता वाचायचा. तिच्यासोबत बसून, तिच्यासमोर. तिनं लिहिलेलं कुणीतरी वाचतं, हे तिला दिसायचं.

आमचं लिहिलेलं कोण वाचतं? सिकलसेलसाठी पोरांच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतले, ॲपमध्ये भरले. आई विचारते, “ताई, माझ्या पोराचं काय आलं?” ॲपमध्ये माझं काम ‘पूर्ण’ दिसतं. रिपोर्ट दिसत नाही, तो बघायचा अधिकार माझ्या लॉगिनला नाही. तो गोपनीय आहे म्हणे. त्याच वेळी भेटीचा पुरावा म्हणून बाळंतिणीचा बाळासकट फोटो, ठिकाण-वेळेच्या शिक्क्यासह, शे-दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकायला सांगतात. तेव्हा गोपनीयता कुठं जाते? एका नवऱ्यानं आमच्या आशाला याच्यावरून गावात सगळ्यांसमोर सुनावलं. मी समजूत घालायला गेले खरी, पण मनात म्हटलं, बरोबर बोलतोय हा.

२०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते आठवत असेल. फोन तापायचे, अडकायचे, आणि ॲप इंग्रजीत. तेव्हा बातम्यांत सेविकांना तंत्रज्ञान नको असल्याचा सूर होता. त्यातल्या कित्येक जणी रात्री यूट्यूबवर ब्लाऊजचं कटिंग शिकून दुकान चालवतात. २०२३ च्या ऑक्टोबरात आमचा संप झाला, त्यातही ऑनलाइन कामाची सक्ती नको ही मागणी होती. ती लोकांना विचित्र वाटली. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर, मोबदल्याच्या यादीत नसलेलं काम रात्री अकराला करून बघा, मग विचित्र वाटणार नाही.

तुम्ही म्हणाल, हवंय काय मग. हवंय ते फार नाही.

लाल त्रिकोण आला की कुठल्या तरी एका माणसाच्या खिशातला फोन वाजला पाहिजे. त्या माणसाचं नाव आणि नंबर आशाच्या पडद्यावर दिसला पाहिजे. त्यानं अर्ध्या तासात उचललं नाही तर त्याच्या वरच्याचा वाजला पाहिजे. आमच्या चुका लाल रंगात दाखवायला तुम्हाला छान जमतं, तोच रंग वरच्या पायरीलाही लावा. हे जमत नसेल तर त्रिकोण दाखवूच नका. खोटी आशा नको, ती पाऊण तास झाडाखाली उभी राहते.

बाळ किंवा बाई मोठ्या दवाखान्यात पाठवली की तिथून सुटताना एक ओळ आमच्याकडं परत यावी. काय झालं, कुठलं औषध, पुन्हा कधी न्यायचं. आज आम्हाला ते घरच्यांच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या कागदावरून कळतं. कागद भिजला तर तेही नाही.

वही नाहीतर ॲप, दोहोंपैकी एक बंद करा. कुठलं ते तुम्ही ठरवा, मी तक्रार करणार नाही.

आणि नवीन ॲप बनवण्याआधी एक दिवस आमच्यासोबत चाला. एसी गाडी रस्ता संपतो तिथं ठेवा. पावसाळ्यात या, उन्हाळ्यात सगळ्याच गोष्टी सोप्या वाटतात. एका हातात छत्री, खांद्याला काट्याची पिशवी आणि ओल्या अंगठ्यानं तुमच्याच ॲपमधला पाण्याचा स्रोत निवडून दाखवा. ओला अंगठा स्क्रीन घेत नाही, हे तुमच्या एकाही पुस्तिकेत नाही.

शेवटी एक काम आहे, तेवढं मात्र कराच. मागच्या आठवड्यात त्या पाड्यावर गेले होते. सतराशे साठचं ते बाळ आता रांगतं. माझा फोन हिसकावून त्यानं तोंडात घातला, आई ओरडली, मी म्हटलं असू दे, चाटू दे. मग फोन पुसून ॲप उघडलं. त्याच्या नावापुढं लाल त्रिकोण तसाच आहे. ‘संदर्भ सेवा प्रलंबित : ३१२ दिवस.’ तो घालवायला दवाखान्याचा डिस्चार्ज क्रमांक टाकावा लागतो आणि तो कागद गेल्या पावसात भिजून गेला. दर मिटिंगला हा त्रिकोण माझ्या नावावर मोजला जातो आणि दर वेळी मी उभं राहून सांगते की बाळ बरं आहे. हा त्रिकोण कुणी काढायचा, तेवढं कळवा. मी सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर रेंजमध्ये असते.

आपली,
एक गट प्रवर्तक